भाड्याचं मशीन आणि घरचं पातेलं

पाणी कधी खोटं बोलत नाही.

हे वाक्य हेमंत हुपरीकरांनी देवकरंजी नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या दर्शनी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रंगवून घेतलं होतं. पुढच्याच पावसाळ्यात भिंतीमागची टाकी पाझरली, 'कधी' आणि 'नाही' हे दोन शब्द पोपडे होऊन गळाले, आणि उरलेलं वाक्य पुढची अकरा वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांना वाचायला मिळालं. हुपरीकर त्याच भिंतीखालून रोज सकाळी ताठ मानेने आत जात.

मान ताठ असायला कारण होतं. एकतीस वर्षं ते त्या केंद्राचे केमिस्ट होते. बोरणा नदीचं चहाच्या रंगाचं पाणी एका बाजूने आत यायचं, त्यात तुरटी पडायची, गाळ तळाला बसायचा, पाणी वाळूच्या थरांतून झिरपायचं, शेवटी क्लोरीन मिळायचं, आणि दुसऱ्या बाजूने ते ऐंशी हजार माणसांच्या पोटात जायला निघायचं. निघताना हुपरीकर त्याचा नमुना काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे दोन थेंब टाकत. फिकट पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे पाणी निर्धोक. मुलीला सांगून आलेल्या स्थळाचा फोटो बघावा तशी ते ती नळी उजेडाकडे धरत: दोष शोधत, पण मनातून होकार देऊन.

असा माणूस घरात फिल्टर कशाला ठेवील? कासार गल्लीतल्या त्यांच्या घरी पाहुणा आला की हुपरीकर स्वतः स्वयंपाकघरात जाऊन माठातून ग्लास भरून आणत आणि पुढे करताना म्हणत, "थेट नळाचं." नळजोडणीही त्यांनी २०१२ साली स्वतः उभं राहून करून घेतली होती. केंद्रातला सगळ्यात तरबेज फिटर, रविवारचा दिवस, आणि अंगणातल्या नव्या शहाबादी फरशीवर एक ओरखडासुद्धा नाही. ते कसं साधलं हे पाहुण्यांना सांगायची त्यांची फार इच्छा असे, पण पाहुणे तोवर पाणी पिऊन उठलेले असत.

२०३९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे निवृत्तीला एक वर्ष झाल्यावर, पुण्याहून गार्गीचा फोन आला. गार्गी ही त्यांची एकुलती एक मुलगी; नवरा ओजस याच्याबरोबर ती तिकडे राहत होती. तिला सातवा लागत होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हे दोन्ही घरांनी धरूनच चाललेलं होतं.

"बाबा, डॉक्टर म्हणाल्या, पाणी जपा. आपल्याकडे मशीन आहे का?"

"गार्गी, तुझा बाप कोण आहे हे तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे बाबा. मशीन आहे का?"

"एकतीस वर्षं मी..."

"नसेल तर मी इथेच राहते. ओजसच्या आई येते म्हणतायत. त्यांनी तर डिंकाचे लाडूसुद्धा करून ठेवलेत."

फोन स्पीकरवर होता. नीलिमाताई मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या नजरेला हुपरीकरांनी एकदाही उलट उत्तर दिलेलं नव्हतं.

"बघतो," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कंपनीकडून प्रांजल गव्हाणे नावाची मुलगी आली. तिच्या हातात शिलाई मशीनएवढा पांढरा डबा होता. हुपरीकरांनी तिला खुर्ची दिली, ग्लास पुढे केला आणि "थेट नळाचं" असं म्हणून ते परीक्षा घ्यायला बसले.

मुलीची तयारी चांगली होती. जुनी यंत्रं, ती म्हणाली, पाणी आंधळेपणाने गाळायची. एक हंडा प्यायचं पाणी काढायला दोन हंडे मोरीत सोडायची. हे यंत्र शरीरावरून शिकलेलं आहे. आपल्या पेशींच्या भिंतीत खास पाण्यासाठी दारं असतात. दार इतकं अरुंद की पाण्याचे रेणू एकामागे एक, रांगेने जातात. दुसऱ्या कशाला आत शिरायला जागाच नाही. आपली मूत्रपिंडं याच दारांच्या जोरावर रोज कितीतरी हंडे पाणी रक्तात परत घेतात. ती दारं प्रयोगशाळेत वाढवून या यंत्राच्या पडद्यात बसवली आहेत. पाणी वाईट आलं तर सगळं पाणी दारांतून रांगेने जातं. चांगलं आलं तर बाजूची सरळ वाट उघडते आणि पडद्याला आराम मिळतो. या आरामाला कंपनीने 'विसावा' असं नाव दिलं आहे.

"पण पाणी चांगलं आलं की वाईट, हे डब्याला कोण सांगणार?" हुपरीकरांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता आणि तो बरोबर आहे हे त्यांना माहीत होतं.

"गणक, काका. थेंबातून लेसरचा किरण जातो आणि एकेक जंतू मोजला जातो. पण गणक फार महाग असतो. म्हणून एका जलवाहिनीवर एकाच घरी गणक बसवतो आम्ही. गल्लीतली बाकीची मशीन त्याचंच ऐकतात. पाणी एकाच पाइपातलं असतं ना."

"आणि तो एक कुणाकडे?"

"तुमच्या गल्लीत अजून कुणाकडेच नाही. तुम्ही भाड्याने घेतलंत तर तुमच्याकडे बसेल. कंपनीला जाणकार माणूसच हवा असतो. विकत घेतलंत तर गणक आणि जाळं नाही मिळणार. मशीन तुमचं, ते तुमच्यापुरतं काम करणार."

प्रांजल गेल्यावर हुपरीकर दोन दिवस झोपाळ्यावर विचार करत बसले. विकत घेणं म्हणजे कबुली. एकतीस वर्षांच्या नोकरीच्या छातीवर कायमचा पांढरा डबा. भाड्याने घेणं म्हणजे पाहुणा: मुलगी आहे तोवर राहील, बारशानंतर जाईल. शिवाय आपल्या नळाचे आकडे अख्ख्या गल्लीला दिसणार. हा शेवटचा मुद्दा त्यांनी बायकोला सांगितला नाही, कारण तोच खरा होता.

"भाड्याने घेतोय," त्यांनी जाहीर केलं.

"म्हणजे परत द्यायचं?"

"सहा महिन्यांनी."

"बरं," नीलिमाताई म्हणाल्या, आणि हळदीकुंकवासाठी शेजारून आणलेल्या चांदीच्या अत्तरदाणीकडे बघावं तसं त्यांनी ओट्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

देवकरंजीत पाणी एक दिवसाआड, सकाळी तासभर आणि बेताच्या जोराने येई. त्यामुळे नळाला जोडायचं मॉडेल चाललं नसतं. वरून भांड्याने भरायचं मॉडेल बसलं. ते भरण्याचं काम साहजिकच नीलिमाताईंकडे आलं, कारण त्या वेळी हुपरीकर फिरायला गेलेले असत.

पहिल्याच दिवशी फिरून आल्यावर त्यांनी चष्मा लावून डब्यावरची स्क्रीन वाचली. आवक पाणी: जंतू शून्य. क्लोरीन शून्य. स्थिती: विसावा.

क्लोरीन शून्य वाचून त्यांच्यातला केमिस्ट क्षणभर दचकला. घरच्या नळाला थोडं तरी क्लोरीन हवं. पण मग शेजारचा 'जंतू शून्य' त्यांनी पुन्हा वाचला आणि त्यांना सगळा उलगडा झाला. "हल्लीची पोरं डोस कमी टाकतात," ते नीलिमाताईंना म्हणाले, "आणि तरी एक जंतू नाही! अगं, ही माझ्या वाळूच्या फिल्टरची करामत. मी बसवलेले थर आहेत ते."

नीलिमाताई पोळ्या लाटत होत्या. "चहा घेणार का?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. गल्लीतल्या घरांनी एकेक करून मशीन घेतली आणि सगळी हुपरीकरांच्या गणकाला जोडली गेली. समोर राहणारे शकील तांबोळी, ज्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, पहिल्यांदा दारातूनच ओरडले होते, "काय साहेब, तुमच्या घरात मशीन? मग आम्ही काय डायलिसिसवर जायचं का?" आता तेच रोज सकाळी फोन उघडून आकडा बघत आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगत, "आजही भोपळा! जिंदाबाद हुपरीकर साहेब!"

हुपरीकरांचं फिरणं लांबलं. आता ते केंद्रावरून वळसा घालून जात आणि भिंतीवरचं उरलेलं वाक्य दिसलं की हसत.

महिन्याभरात गोष्ट नगरपरिषदेत पोचली. कासार गल्ली चाळीस दिवस शून्यावर राहिली, तर ती कायमची विसाव्यावर टाकता येईल, असं कंपनीचं म्हणणं पडलं: एकोणतीस घरांचे पडदे झोपतील, दहा वर्षं टिकतील. मुख्याधिकारी मॅडमना त्यात राज्यातली पहिली 'विसावा गल्ली' दिसली. फक्त एका जाणकाराची सही हवी होती. जाणकार गल्लीतच राहत होता. तारीख ठरली: जानेवारीची एकोणीस, सकाळी अकरा, गल्लीच्या तोंडाशी मांडव. शाल, श्रीफळ, सही. गार्गी एकविसाला येणार होती.

अठरा तारखेला दुपारी हुपरीकर भाषण लिहायला बसले. भाषणात आकडे हवेत, म्हणून त्यांनी चाळीस दिवसांची नोंद फोनवर पहिल्यांदाच पूर्ण उघडली. आजवर ते जंतूंच्या रकान्यापुढे गेलेच नव्हते. पुढे आणखी रकाने होते. क्षार: निम्मे. हे छान, त्यांनी कागदावर लिहून घेतलं. त्यापुढे तापमान.

आवक पाणी, चौतीस अंश.

त्यांनी चष्मा पुसला. जानेवारीतली सकाळ, जमिनीखालचा पाइप. पाणी एकोणीस अंश असायला हवं, फार तर वीस. आदल्या दिवशीचा आकडा बघितला: छत्तीस. त्याच्या आदला: तेहतीस. चाळीसही दिवस तेच.

क्लोरीन उडालेलं. क्षार निम्मे. पाणी कोमट. या तीन गोष्टी एकत्र कधी होतात, हा प्रश्न अकरावीच्या पोराला घातला तर त्याने पेन न उचलता सांगितलं असतं. एकतीस वर्षांच्या केमिस्टला चाळीस दिवस लागले.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं. त्यांना ते आंघोळीच्या पाण्याचं वाटत आलं होतं. त्यांनी ते उलटं केलं. तळाला पांढरा, खडबडीत थर होता. त्यांनी नखाने खरवडला. पुष्कळ वर्षांचा थर होता.

नीलिमाताई वाळलेले कपडे घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे पातेलं कशाचं?" हुपरीकरांनी विचारलं.

"पाण्याचं."

"आंघोळीच्या ना?"

"आंघोळीला सोलर आहे अहो. दहा वर्षं झाली बसवून."

"म्हणजे तू प्यायचं पाणी उकळतेस."

"उकळते, गाळते, गार करते."

"किती दिवस?"

"दिवस?" नीलिमाताईंनी कपडे खुर्चीवर ठेवले. "गार्गीला कावीळ झाली तेव्हापासून."

गार्गीला कावीळ झाली ती चार वर्षांची असताना. म्हणजे पंचवीस वर्षं.

"ती पाणीपुरीची कावीळ होती," हुपरीकर म्हणाले. "गल्लीत दुसऱ्या कुणाला झाली होती? एका तरी माणसाला? पाणी खराब असतं तर सगळ्यांना झाली असती!"

"हेच तुम्ही तेव्हाही म्हणालात. मी वाद नाही घातला. पातेलं आणलं."

"पण मला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? पाहुण्यांना ग्लास देताना तुमचा चेहरा कसा व्हायचा, माहितीये? तेवढ्या एका गोष्टीसाठी मी कशाला तोंड उघडू? तुम्ही फिरायला गेलात की दोन पातेली होऊन जायची."

हुपरीकर पाटावर बसले. पंचवीस वर्षं 'थेट नळाचं' म्हणून त्यांनी जे ग्लास पुढे केले होते, ते सगळे ओळीने त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. एका ग्लासातून तर आमदार प्यायले होते.

"ते राहू दे," ते शेवटी म्हणाले. "पण मशीनमध्ये? मशीन घेतल्यावर तरी कशाला उकळायचं? ते गाळायलाच आणलंय ना!"

नीलिमाताईंना हा प्रश्नच कळला नाही.

"भाड्याचं आहे ना ते?" त्या म्हणाल्या. "परत द्यायचंय. लोकांची वस्तू घाण करून कशी द्यायची? आत काय तो पडदा आहे म्हणे, नाजूक. म्हटलं, आपण स्वच्छ पाणी घालावं, त्यांचं खराब होऊ नये. विकतचं असतं तर घातलं असतं नळाचं. आपलंच होतं मग."

बाहेर मांडवाचे बांबू उतरवल्याचा आवाज येत होता. तांबोळी कुणाला तरी सांगत होते, "साहेबांची खुर्ची मधोमध. नाही, मुख्याधिकाऱ्यांची बाजूला. उद्या मान कुणाचा आहे?"

हुपरीकर तो आवाज ऐकत बसून राहिले. उद्या त्यांनी सही केली की एकोणतीस घरांतले पडदे कायमचे झोपणार. मग घराघरांत जाणार ते गल्लीच्या नळाचं पाणी, आणि ते कसं आहे हे आज देवकरंजीत कुणालाच ठाऊक नाही. त्यांनाही नाही. तीन दिवसांनी गार्गी येणार.

"सही करणार?" नीलिमाताईंनी विचारलं.

"नाही केली तर कारण सांगावं लागेल."

"सांगा."

"मांडवात? शाल अंगावर असताना?"

"शालीआधी सांगा हवं तर. नाहीतर सांगा, बायको वेडी आहे. माझं काय जातंय?"

"बायको वेडी आहे यावर कोण विश्वास ठेवील?" हुपरीकर म्हणाले. "गल्ली तुला ओळखते."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. मुख्याधिकारी मॅडम बोलल्या, कंपनीचे साहेब बोलले, प्रांजलने पडद्यावर चाळीस शून्यं दाखवली. शाल पडली, नारळ मिळाला. समोर कागद आला, पेन आलं. हुपरीकरांनी पेनाचं टोपण लावलं आणि माइक घेतला.

"ही शून्यं माझी नाहीत," ते म्हणाले.

मग त्यांनी पातेल्यापासून पांढऱ्या थरापर्यंत सगळं सांगितलं. आवाज एकदाही अडखळला नाही. नळीतला नमुना वाचावा तसं त्यांनी स्वतःला वाचून दाखवलं. "एकतीस वर्षं मी केंद्रातून निघालेलं पाणी मोजलं. माझ्या घरात पोचलेलं एकदाही मोजलं नाही. माझ्या बायकोनेही मोजलं नाही, पण तिला ते मोजलेलं नाही एवढं माहीत होतं. हे मला कळायला हवं होतं, मी पगार घेत होतो. मी सही करणार नाही. गल्लीने पाणी उकळून प्यावं."

मग मागून तांबोळींनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की मुख्याधिकारी मॅडमसुद्धा टाळ्या वाजवू लागल्या. हुपरीकर मंचावरून उतरले, बायांच्या रांगेत गेले आणि त्यांनी ती शाल नीलिमाताईंच्या खांद्यावर घातली.

"अहो, लोक बघतायत," नीलिमाताई पुटपुटल्या. मग शालीचा काठ चिमटीत धरून म्हणाल्या, "पॉलिएस्टर आहे."

घरी येऊन हुपरीकरांनी स्वतःच्या हाताने नळाचं कच्चं पाणी मशीनमध्ये ओतलं. डबा गुरगुरला. आकडा चार हजारांवर जाऊन थांबला, लाल दिवा लागला, आणि चाळीस दिवस विसाव्यात असलेली सगळीच्या सगळी दारं पहिल्यांदा कामाला लागली. गणकाचं ऐकून गल्लीतली बाकीची अठ्ठावीस मशीनही जागी झाली. हुपरीकर ओट्याशी उभे राहून तो लाल दिवा बघत होते. भीती वाटायला हवी होती; वाटत होता तो अभिमान. एका वाक्याने त्यांनी आज एकोणतीस घरं वाचवली होती. केंद्रात इतकं मोठं काम एका दिवसात कधी झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नगरपरिषदेवर मोर्चा नेला. ज्या दारातून ते एकतीस वर्षं आत गेले, त्याच दारासमोर उभं राहून त्यांनी जलवाहिनी बदलण्याची मागणी केली. तांबोळींनी बांगड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यांवर फलक रंगवले. गल्लीतल्या बाया पातेली घेऊन आल्या होत्या. सगळ्यांत पुढे, पांढऱ्या थराच्या पातेल्यासह, नीलिमाताई होत्या. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. गार्गी तोवर आली होती. तिने तो फोटो सासूबाईंना पाठवला आणि खाली लिहिलं, "आमचे आईबाबा."

"बाबा, मशीन चालू आहे ना?" तिने विचारलं.

"आता कुठे चालू झालंय," हुपरीकर म्हणाले आणि तिच्यासाठी ग्लास भरून आणला. मग ते म्हणाले, "थेट मशीनचं."

मोर्चाची दखल घेऊन नगरपरिषदेने गल्लीतल्या प्रत्येक नळाची तपासणी लावली. आठव्या दिवशी प्रांजल हातात धरायचा गणक घेऊन घरोघर फिरली. अठ्ठावीस घरांचं पाणी पहिल्या प्रतीचं निघालं. एकोणतिसाव्या घराची नळी, अंगणातली शहाबादी फरशी फोडायला नको म्हणून, २०१२ साली गटारातून घेतलेली होती.